डॅशबोर्डवर तळहात

बसच्या ड्रायव्हरबाईने आरशात पाहिलं, दार लागल्याचा हिरवा दिवा पाहिला, आणि मग डावा तळहात डॅशबोर्डवर सपाट टेकवला. एक श्वास घेतला, सोडला. हात उचलला. बस निघाली.

झालं ते एवढंच. बसमधल्या चाळीसेक माणसांपैकी कुणाच्या ते लक्षात यायचं काही कारण नव्हतं. एकजण फोनवर प्लंबरला झापत होता, दोन मुली एकाच आरशात बघून केस सारखे करत होत्या, आणि एक आजोबा दर स्टॉपला, आपला आला का, असं शेजाऱ्याला विचारून त्याचा जीव खात होते. पण दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसलेले मास्तर एकदम पुढे वाकले. मांडीवरचं मोठं खाकी पाकीट घसरून पायाशी गेलं, तेही उचलायचं त्यांना सुचलं नाही. कारण तो हात त्यांचा होता. म्हणजे हात बाईचाच; बोटात पातळशी अंगठी, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा फिकट वळ. पण टेकवायची रीत! बोटं जुळवलेली, अंगठा बाजूला काढलेला, आधी मनगटाकडचा तळवा आणि मागाहून बोटं, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवावा तशी. ही रीत मास्तरांची होती. गेली चौतीस वर्षं ते या शहरात माणसांना गाडी चालवायला शिकवत होते, बारा दिवसांचा कोर्स, आणि पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच. किल्ली फिरव. आरसा बघ. आता हात ठेव. का ठेवायचा, असं विचारणारा दहात एखादाच निघे. त्याला ते सांगत, "गाडीची नाडी बघायची. इंजिन कसं चाललंय ते कानाला नाही कळत, तळव्याला कळतं." हे उत्तर त्यांनी पहिल्याच वर्षी, पहिल्याच चौकस विद्यार्थ्यासमोर, अडचणीत सापडून जुळवलेलं होतं. पुढे सांगून सांगून ते खरं झालं.

आणि या बसला इंजिनच नव्हतं. बस विजेवरची. उभी असताना टेबलासारखी गपगार.

पुढच्या मोठ्या स्टॉपवर बस पाच मिनिटं थांबायची होती. बाईने पाण्याची बाटली काढली. तिच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती आणि आयुष्यभर मास्तरांनी ती पाटी पाळली होती, कारण गाडी चालवणाऱ्याशी बोलणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. आज मात्र ते उठून पाटीखाली जाऊन उभे राहिले.

"बाई, एक विचारू का?"

"काका, पुढच्या दाराने उतरता येत नाही. मागे व्हा."

"उतरायचं नाही. निघताना तुम्ही हा हात ठेवलात ना, इथे... हे कुणी शिकवलं?"

"हे होय?" बाई हसली. "ट्रेनिंगला असतं. त्याचे मार्क असतात. नाही ठेवला की दोन कापतात."

"मार्क?"

"हो की. कागदावर छापलेलं आहे. आरसा, दार, हात."

"आणि कशासाठी म्हणे?"

"आता ते ज्याचं त्याने ठरवायचं," बाईने झाकण लावलं. "आमचे सर म्हणायचे, गाडीला सांगायचं, बाई गं, आता निघतोय. माझ्याबरोबर एक होती, ती म्हणायची, घरचं सगळं तिथे काढून ठेवायचं, शिफ्ट सुटली की परत उचलायचं. मला विचाराल तर काही नाही. पण हात ठेवल्याशिवाय माझा पाय उचलतच नाही बघा. सवय."

"तुमचे सर कुठले?"

"बाहेरगावचे होते कुठले तरी. रिटायर झाले. त्यांना कुणी शिकवलं ते काय ठाऊक. का हो? तुम्हीपण ड्रायव्हर का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. "होतो," ते म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून त्यांनी शेजारचा दांडा धरला.

आरसा. दार. हात.

(इथे एक श्वास.)

होतो, हे तासाभरापूर्वी ठरलं होतं. तासाभरापूर्वी एका पांढऱ्या खोलीत एका तरुण डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या डोक्याच्या आतला फोटो उजेडावर लावून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एक जागा दाखवली होती. वाटाण्याएवढी. मास्तरांना आधी वाटलं, काचेवर काहीतरी चिकटलंय. डॉक्टरबाई हळू आवाजात, सावकाश, चढावर दुसरा गिअर टाकावा तसं बोलत होत्या. आणि मास्तर त्यांचं बोलणं सोडून तेवढंच ऐकत होते, की ही पोरगी वळणं छान घेते, धक्का बसू देत नाही. जागा वाईट आहे. कापून काढता येईल, पण काढताना काय काय जाईल सांगता येत नाही. नाही काढलं तर वर्ष. कदाचित कमी, कदाचित थोडं जास्त. डाव्या हाताची थरथर वाढत जाईल. मध्येच कधीतरी भोवळ येईल. "आणि काका, आजपासून गाडी चालवायची नाही. घरीसुद्धा नाही. आत्ता कसे आलात?" मास्तर म्हणाले, "सोडलं कुणीतरी." खरं तर त्यांची गाडी, दोन्हीकडे पेडल असलेली, डोक्यावर 'शिकाऊ'ची पाटी असलेली, हॉस्पिटलच्या मागच्या आवारात भिंतीला लावून उभी होती. ते तिथपर्यंत गेलेही. किल्ली काढली. दाराच्या काचेत त्यांना किल्ली हलताना दिसली. मग त्यांनी ती खिशात टाकली आणि कित्येक वर्षांनी बसस्टॉप कुठे आहे ते एका माणसाला विचारलं.

त्याआधी एक फॉर्म भरायचा होता. नाव. वय, बासष्ट. व्यवसाय. तिथे त्यांनी 'ड्रायव्हर' लिहिलं आणि खोडलं, 'क्लास चालवतो' लिहिलं आणि खोडलं, जागा संपली तेव्हा वरच्या रेघेवर बारीक अक्षरात 'शिकवणे' लिहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "शाळेत का?" ते म्हणाले, "नाही, रस्त्यावर." तिने कंसात काहीतरी लिहिलं, ते त्यांनी वाचलं नाही.

बस वळली. मास्तर परत जागेवर येऊन बसले होते, पाकीट पुन्हा मांडीवर होतं, आणि डावा हात त्यांनी पाकिटाखाली कोंबून ठेवला होता. आपल्या माघारी काय राहील, हा विचार डॉक्टरबाईंच्या खोलीत त्यांना चाटून गेला होता आणि त्यांनी तो तिथल्या तिथे निकालात काढला होता. काय राहायचं? मूल नाही. क्लासची पाटी रंगवलेली, ती कुणी दुसरा रंगवून घेईल. बाराव्या दिवसाचं भाषण? हे भाषण मास्तरांना फार प्रिय. शेवटच्या दिवशी गाडी नदीकाठच्या झाडाखाली उभी करायला लावून ते विद्यार्थ्याला सांगत, की रस्ता हा आपल्या एकट्याचा नसतो, की हॉर्न ही शिवी नसून हाक आहे, की घाई असलेल्या माणसाने चालत जावं. वीस मिनिटं. त्यात एक-दोन जागा अशा होत्या, की तिथे आले की ते स्वतःच थांबून नदीकडे बघू लागत. आणि पुढे कुठे बाजारात, लग्नात जुने विद्यार्थी भेटत, तेव्हा सगळे एकजात एकच सांगत, "मास्तर, तुम्ही 'आरसाऽऽ' म्हणून असे ओरडायचात ना, अजून दचकतो." भाषण एकालाही आठवत नसे. बायको तर म्हणायची, "तुम्ही गाडी बंद करून बोलता म्हणून. चालू गाडीत बोलला असता, तर भीतीने तरी ऐकलं असतं." म्हणजे भाषण गेलं. आणि राहिलं काय, तर हे. ज्याच्याबद्दल त्यांनी कधी दोन मिनिटंही विचार केला नव्हता ते. छापून. मार्क लावून.

ते दोन स्टॉप आधीच उतरले. चौकात एक बंद पडलेलं कारंजं होतं, त्याच्या कठड्यावर बसले आणि सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या काचांतून आत बघू लागले. दुपार कलली होती. ऊन काचांवर तिरकं पडायचं, मधूनच एखादी काच पेटल्यासारखी व्हायची आणि आतलं माणूस नाहीसं व्हायचं. लाल. पिवळा. हिरवा. पहिल्या चार सिग्नलला काही नाही. मास्तरांना वाटलं, झालं, एका बसवरून आपण उगाच हुरळून गेलो. पाचव्या सिग्नलला फ्रिज वाहून नेणाऱ्या टेम्पोतल्या माणसाने तोंडातली काडी न काढता हात टेकवला. श्वास. निघाला. मास्तर उभे राहिले. त्या माणसाला त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. मग बराच वेळ कुणी नाही. मग एक म्हातारी, नाक स्टिअरिंगला लागेल इतकी पुढे सरकून बसलेली, तिने टेकवला; तिचं बहुधा अंगठ्याचं हाड दुखत असावं, अंगठा आत दुमडलेला होता. मग एका टॅक्सीवाल्याने नुसती बोटं टेकवली, घाईत, देवळावरून जाताना छातीला हात लावतात तशी, निम्मीअर्धी झिजलेली खूण. अर्ध्या तासात तीन. शहरात असे किती चौक? आणि बाईचे सर बाहेरगावचे होते. त्या गावात किती? मास्तरांना गरगरलं, पण हे डोक्यातल्या वाटाण्याचं गरगरणं नव्हतं. लहानपणी एकदा शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून त्यांना डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब दाखवला होता, आणि आत इतकं काही हलत होतं, की त्यांनी डोळा काढून घेतला होता आणि घाबरून बाईंना विचारलं होतं, "हे आधीपासून होतं?" तसं.

हे आधीपासून होतं. रोज सकाळी, ते अजून दाढी करत असायचे तेव्हा, कुठल्या कुठल्या रस्त्यांवर, त्यांना ठाऊक नसलेले शेकडो हात टेकत होते आणि उचलत होते.

आणि मग त्यांना तो खुर्चीवाला म्हातारा आठवला. आठवायचं खरं तर काहीच नव्हतं, इतकी ती फुसकी गोष्ट. वीस वर्षं झाली असतील. एक विद्यार्थिनी होती, रेडिओ दुरुस्त करणारी, हातात धिटाई होती पण डोकं गरम. एका उभ्या ट्रकच्या मागून गाडी काढायची होती. तिने किल्ली फिरवली, आरसा बघितला, हात टेकवला. आणि तेवढ्यात ट्रकच्या पुढून एक म्हातारा लाकडी खुर्ची पाठीवर उलटी घेऊन आला. खुर्चीचे पाय आभाळाकडे, तोंड खाली, त्याला ना गाडी दिसत होती ना काही. तो समोरून गेला. पलीकडे जाऊन त्याने खुर्ची खाली ठेवली, तिच्यावर बसून दम घेतला, पुन्हा उचलली आणि गेला. रेडिओवाली म्हणाली, "काय ध्यान आहे." मास्तर म्हणाले, "आरसा बघ, चल." संध्याकाळपर्यंत ते विसरले होते. कारण काही झालंच नव्हतं. आता कठड्यावर बसून त्यांना तो म्हातारा असा काही दिसू लागला, की खुर्चीच्या पायाला गुंडाळलेली सुतळीसुद्धा दिसली. तो घरी गेला असेल. खुर्ची कोपऱ्यात ठेवली असेल. तिच्यावर बसून वर्षानुवर्षं कुणाकुणाशी भांडला असेल. आणि एका श्वासाएवढ्या वेळावर हे सगळं उभं होतं, हे त्याला माहीत नाही, रेडिओवालीला माहीत नाही, आणि मास्तरांनाही आज, डोक्यात वाटाणा घेऊन, पहिल्यांदा कळत होतं. एक श्वास गुणिले किती हात? गुणिले किती दिवस? जी टक्कर झालीच नाही तिची नोंद कुठल्या चौकीत नसते. न मेलेली माणसं आपण मेलो नाही म्हणून ओरडत फिरत नाहीत. ती समोरून रस्ता ओलांडत होती. एक पोरगा शीळ घालत, एक बाई कपड्यांच्या कपाटाचं दार डोक्यावर घेऊन. यांतलं कोण त्या श्वासातून पार पडून आलं होतं? कुणीच नाही, किंवा सगळेच. मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि अगदी शहाण्या मुलासारखे बसून राहिले. छातीत काहीतरी इतकं मोठं झालं होतं, की त्याला धक्का लागू नये असं वाटत होतं.

(श्वास.)

घरी बायको कवळ्या करत बसली होती. तिचं कामच ते. तीन दंतवैद्यांकडून तिच्याकडे लोकांच्या हिरड्यांचे साचे येत आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणात एकेक दात बसवून त्यांची कवळी करी. घरभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस घरात आला की आधी दचके आणि मग आपले दात जिभेने चाचपी.

"आलात? आज बसने?"

"तुला कसं कळलं?"

"खिडकीतून दिसलं. चालत आलात. गाडी कुठाय?"

"गॅरेजला टाकलीय. क्लचची वायर गेली."

बायकोने मेणातला दात चिमट्याने किंचित वळवला. "गॅरेजवाला आत्ताच येऊन गेला. क्लचची वायर देऊन गेला. तिकडे कपाटावर ठेवलीय. म्हणाला, मास्तरांना सांगा, सवडीने गाडी आणा."

मास्तरांनी कपाटावरच्या वायरकडे पाहिलं. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले, आणि सवयीने डावा हात टेबलावर ठेवला. आणि टेबलावरचे सगळे जबडे कटकट वाजायला लागले.

एका रांगेत नऊ जबडे, वरचे आणि खालचे, अनोळखी माणसांचे, थंडी भरल्यासारखे वाजत होते. बायकोचा चिमटा थांबला. मास्तरांनी घाईघाईने तळहात सपाट केला आणि टेबलावर जोरात दाबला. बोटं जुळलेली, अंगठा बाजूला. आवाज बंद.

आणि त्या शांततेत मास्तरांना दुसरा आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डबीचा.

ते एकोणीस वर्षांचे होते आणि एका ट्रकवर क्लीनर होते. ट्रक चालवणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. धिप्पाड, भुवया जुळलेल्या, आणि शिव्या अशा ताज्या, की ऐकणाऱ्याला राग यायच्या आधी हसू यावं. गाडी शिकवली ती वस्तादने, आणि निघण्याआधी डॅशबोर्डवर हात दाबायची त्याची रीत. "कशाला हो वस्ताद?" "तू आपला ठेव. वस्तादला विचारतोय!" मग मास्तरांनीही ठेवला. डॅशबोर्डवर वस्तादची तंबाखूची डबी असायची, पत्र्याची, झाकण सैल. ती वाजायची आणि वस्तादने हात दाबला की थांबायची. त्यांना वाटायचं, इंजिनाच्या धक्क्यांनी वाजते, आणि हात दाबून वस्ताद इंजिनाचं काहीतरी जाणून घेतो. त्यातूनच पुढे ती नाडी. पण आता टेबलावर हात दाबून बसल्या बसल्या त्यांना एक सकाळ आठवली. धान्याच्या गोदामाबाहेर ट्रक रांगेत उभा. वस्तादचा हात डॅशबोर्डवर सैल टेकलेला. डबी वाजतेय, टर्रर्र. आणि वस्ताद खिडकीबाहेर बघत एकदम हात दाबतो, डबी गप्प होते. त्याचं तोंड त्यांना दिसलं नव्हतं. पण रांग पुढे सरकायला वेळ होता आणि किल्ली क्लीनरच्या, म्हणजे त्यांच्याच, खिशात होती.

इंजिन बंद होतं.

त्यानंतर चारेक महिन्यांत वस्ताद, जरा घरी जाऊन येतो, म्हणून गेला तो गेलाच. कुणी म्हणालं आजारी होता. जाताना डबी क्लीनरला देऊन गेला, ती पुढे कुठल्या तरी खोलीच्या बदलाबदलीत हरवली.

म्हणजे नाडी वगैरे काही नाही. एका माणसाचा हात थरथरत होता आणि तो ते लपवत होता. एका अडाणी क्लीनरला ती विद्या वाटली. आणि ती त्याने चौतीस वर्षं, बारा बारा दिवसांच्या हप्त्यांनी, सबंध शहराच्या हातात घातली. वस्तादचं भय, डबी वाजू नये म्हणून केलेली धडपड, विजेच्या बसमध्ये, म्हातारीच्या दुमडलेल्या अंगठ्यात, छापील कागदावर दोन मार्कांना. भयाचा त्यात मागमूस राहिला नव्हता. ते वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं आणि नुसता श्वास राहिला होता. मास्तरांना हसावं की काय करावं ते कळेना. वस्ताद इथे या टेबलावर होता. त्यांच्या हाताच्या आत, हातमोज्यात हात असावा तसा, तोच दाबत होता.

"किती दिवस आहे हे?" बायकोने विचारलं. ती हाताकडे बघत नव्हती, त्यांच्याकडे बघत होती.

मग त्यांनी सांगितलं. पाकीट, वाटाणा, वर्ष. तिने सगळं ऐकलं. मध्ये एकदा उठून मेणाखालचा दिवा विझवला आणि परत बसली. रडली नाही; एक जबडा उचलून त्याच्या कडेचं प्लास्टर नखाने खरवडत राहिली, आणि म्हणाली, "गाडी तिथेच आहे ना, हॉस्पिटलात?"

"आहे."

"मग आणायला नको?"

"कोण आणणार? मला चालवायची नाही."

"चौतीस वर्षं जगाच्या बायका शिकवल्यात," ती म्हणाली, आणि हातातला जबडा खाली ठेवला. "माझ्या वेळी दरवर्षी उद्या. उद्या उद्या करत इथपर्यंत आणलंत. आता कुठला उद्या काढताय?"

 खरं इतकंच होतं, की तिला शिकवायची मास्तरांना भीती वाटायची. तिच्यावर 'आरसा' म्हणून ओरडवलं नसतं. तेही त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "बघा, म्हणजे घाबरट."

रविवारी सकाळी दोघं बसने हॉस्पिटलच्या मागच्या आवारात आली. आवार रिकामं होतं; कडेला चादरींच्या गाठोड्यांची ढकलगाडी, एक गंजलेला खाटेचा सांगाडा, आणि भिंतीशी त्यांची गाडी, टपावर पाचोळा. मास्तरांनी तिला उजवीकडे बसवलं आणि स्वतः डावीकडे, आपल्या नेहमीच्या जागी बसले. पायाखाली त्यांचे दोन पेडल, क्लच आणि ब्रेक. या आवाराबाहेर जायचं नाही असं ठरलं होतं. गाडी गॅरेजवाला दुपारी नेणार होता. नुसता एक फेरा. वाटेत बसमध्ये मास्तर सगळा वेळ एकच विचार करत होते. पहिल्या दिवसाची पहिली गोष्ट. ती शिकवावी का? आता तिला काय सांगायचं, नाडी? खोटं ठरलं. मग खरं सांगायचं, की हे एका आजाऱ्याचं लपवणं आहे, आणि आता दुसऱ्याचंही? तिच्या हातात ते घालायचं? शहराचं काय व्हायचं ते होवो, पण इथे, आपल्या घरात, हे थांबवता येईल. नाही शिकवायचं, त्यांनी ठरवलं. न शिकवलं तर तिच्यापाशी ते नसेल. एवढं तरी आपल्या हातात आहे.

"किल्ली फिरव."

तिने फिरवली. गाडी सुरू झाली.

"आरसा बघ."

तिने आरसा बघितला, वाकडा होता तो सारखा केला, आणि त्यात स्वतःचं कपाळही बघून घेतलं. मास्तर गप्प बसले.

बायकोने डावा हात उचलला आणि डॅशबोर्डवर टेकवला. आधी मनगटाकडचा तळवा, मग बोटं.

"हे कुणी सांगितलं?" मास्तर तिच्याकडे वळले.

"काय?"

"हात. हात का ठेवलास?"

तिने आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो तिथे कुणीतरी आधीच ठेवून गेलं होतं. "अहो, ठेवतातच ना? गाडीत बसल्या बसल्या मी कायम ठेवते. तुम्ही ठेवला की मीपण ठेवते, माझ्या बाजूने. एकतीस वर्षं ठेवतेय." मग जरा थांबून, "तुम्ही तेव्हा पुढे बघत असता. तुम्हाला कसं दिसेल?"

हात तिथेच होता. एक वॉर्डबॉय चादरींची दुसरी ढकलगाडी घेऊन कोपऱ्यावरून वळला, गाठोड्यांच्या डोंगरामागे त्याचं तोंडही दिसत नव्हतं, आणि गाणं म्हणत म्हणत बरोब्बर त्यांच्या समोरून गेला. चाक कुरकुरत होतं. तो कोपरा ओलांडून दिसेनासा झाला तरी ते कुरकुरणं ऐकू येत होतं. मास्तरांना त्याला हाक मारून काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार?

"गेला," बायको म्हणाली. "आता?"

मास्तरांचे दोन्ही पाय पेडलवर होते. चौतीस वर्षं, प्रत्येक शिकाऊच्या शेजारी, गाडी हलायच्या आधी ते तिथे असत, तयार. त्यांनी आधी उजवा उचलला, मग डावा, आणि दोन्ही पाय मागे घेऊन पायपुसण्यावर जुळवून ठेवले. डावा हात मांडीवर होता. तो थरथरायला लागला. पाकिटाखाली नाही, टेबलावर दाबून नाही. उघडा, रविवारच्या उन्हात. त्यांनी त्याला थरथरू दिलं.

"चल," ते म्हणाले.

तिने क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि टपावरचा सगळा पाचोळा काचेवरून खाली आला.